सुटका झाली म्हणून तारण झाले, असे नाही

मंडळीत साक्षीच्या वेळी, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सांगण्याच्या वेळी, कोणी उभे राहते आणि म्हणते, माझी दारू सुटली, प्रभूने मला तारले. दुसरे कोणी सांगते, आजार गेला आणि माझे तारण झाले. सगळी मंडळी हालेलूया म्हणते. दारू सुटल्याचा आनंद खरा आहे, तो व्हायलाच हवा. पण सुटका आणि तारण या दोन गोष्टी इतक्या सहजपणे एकीच्या जागी दुसरी वापरल्या जातात, की वर्षानुवर्षे प्रार्थना करूनही बरा न झालेला विश्वासी तिथेच बसून मनात म्हणतो, मग माझे काय? या प्रश्नाला आपण नीट उत्तर देत नाही, आणि मला त्याचाच राग येतो.

तारण म्हणजे काय हे वाचकांना ठाऊक आहे. पापांची क्षमा, देवाशी समेट, नवा जन्म, सार्वकालिक जीवन. ते कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे मिळते. आपल्या कर्मांनी नाही. त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

सुटका म्हणजे एखाद्या ठरावीक जाचातून बाहेर काढले जाणे. अशुद्ध आत्म्याचा ताबा, व्यसन, आजार, तुरुंग, यांपैकी काहीही. काही जण फक्त भुते काढण्यालाच सुटका म्हणतात, काही जण कोणतेही संकट टळले तरी हाच शब्द वापरतात. त्या वादात मी वेळ घालवणार नाही. सुटकेची प्रार्थना पाळकानेच करावी की कोणीही करावी, उपास हवा की नको, हेही बाजूला ठेवतो.

घोटाळा होतो तो पुढे. सुटका पाहून तारण झाल्याचे ठरवता येत नाही, आणि सुटका झाली नाही म्हणून तारण नाही असेही ठरवता येत नाही. कधी दोन्ही एकाच दिवशी घडतात. कधी एक घडते, दुसरे नाही. त्यांचा ठरलेला क्रम नाही.

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ उघडा. एकाच फिलिप्पै शहरात तीन माणसे भेटतात. पहिली लुदिया, जांभळी वस्त्रे विकणारी. तिच्या बाबतीत आजार, भूत किंवा कैद यांचा उल्लेखही नाही. प्रभूने तिचे अंतःकरण उघडले, तिने प्रेषित पौलाचे बोलणे ऐकले आणि घराण्यासह बाप्तिस्मा घेतला. दुसरी एक दासी. तिच्यातल्या आत्म्यामुळे ती भविष्य सांगे आणि तिच्या धन्यांना त्यातून पुष्कळ कमाई होई. पौलाने येशूच्या नावाने आज्ञा केली आणि तो आत्मा त्याच घटकेला निघाला. तिची सुटका झाली यात शंका नाही. पण तिने विश्वास ठेवला का, बाप्तिस्मा घेतला का, याबद्दल या पुस्तकाचा लेखक लूक एक अक्षरही लिहीत नाही. जिथे शास्त्र गप्प आहे तिथे आपणही गप्प राहावे.

तिसरा तुरुंगाचा अधिकारी. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली आणि सगळ्याच कैद्यांची बंधने गळून पडली. नुसत्या तिथे कैदेत असलेल्या पौल आणि त्याचा सोबती सीला यांची नव्हे, सगळ्यांची. त्या कैद्यांपैकी कोणाचे तारण झाले असे लिहिलेले नाही. ज्याच्या हातापायांत बेडीच नव्हती तो अधिकारी मात्र थरथरत विचारतो, माझे तारण व्हावे म्हणून मी काय करावे? पौल उत्तर देतो, प्रभू येशूवर विश्वास ठेव. हा अध्याय लक्ष देऊन वाचणाऱ्याला सुटका आणि तारण एकच वाटणे कठीण आहे.

आता वधस्तंभाकडे पाहा. येशूच्या दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार होते. एक म्हणतो, तू ख्रिस्त आहेस ना, मग स्वतःला वाचव आणि आम्हालाही वाचव. त्याला खाली उतरायचे होते. त्याने सुटका मागितली. दुसऱ्याने आपला अपराध कबूल केला आणि येशूला म्हटले, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर. त्याला त्याच दिवशी सुखलोकात असण्याचे वचन मिळाले. पण तोही खाली उतरला नाही. योहान लिहितो की सैनिकांनी त्या दोघांचेही पाय मोडले. तारणाचे इतके स्पष्ट वचन मिळालेल्या माणसाला शरीराच्या यातनेतून त्या दुपारी सूट मिळाली नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असे म्हणायला कोणी धजेल का?

पण आपल्या मंडळ्यांमध्ये आजाऱ्याला हेच ऐकवले जाते. विश्वास कमी पडला, घरात काही पाप लपले असेल. हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी प्रभूला तीनदा विनवले. काटा गेला नाही, कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. आपला सहकारी त्रफिम याला तो मिलेत शहरात आजारीच सोडून आला, तसे त्याने स्वतः लिहिले आहे. दुसरा सहकारी एपफ्रदीत मात्र मरता मरता वाचला, आणि पौल म्हणतो, देवाने त्याच्यावर दया केली. प्रार्थना करणारा प्रेषित तोच, सहकारी दोघेही विश्वासू, परिणाम वेगळे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ मध्ये पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो, आणि त्याच्या आधी थोड्याच ओळींवर योहानाचा भाऊ याकोब हेरोदाच्या तलवारीने मारला गेलेला असतो. याकोबावर देवाची प्रीती कमी होती असे कोणी म्हणत नाही.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. सुटका झालेल्याला तारणाची खोटी खात्री दिली जाते. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, येशूच्या पायांशी परत आला तो एकटा शोमरोनी. बाकी नऊ जणांचे शरीर पुन्हा बिघडले असे कुठे लिहिलेले नाही; बरे होऊन ते आपल्या वाटेने गेले. अशुद्ध आत्मा निघाला, घर झाडून सुशोभित केले, पण रिकामेच राहिले, तर तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात आत्मे घेऊन परततो, हे येशूचेच शब्द मत्तयाच्या १२व्या अध्यायात आहेत. आणि शिष्य आनंदाने सांगू लागले की भुतेही आम्हाला वश होतात, तेव्हा त्याने त्यांना म्हटले, त्याचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. म्हणून व्यसन सुटलेल्या भावाला लगेच माईक देऊन मोकळे होणे मला पटत नाही. त्याला शुभवर्तमान सांगा. पापाबद्दल, क्षमेबद्दल, ख्रिस्ताबद्दल त्याच्याशी बोला.

मग सुटकेची साक्ष द्यायची नाही का? जरूर द्यायची. सैन्य नावाच्या भुतांनी पछाडलेला तो माणूस शुद्धीवर आल्यावर येशूबरोबर जाऊ इच्छित होता. येशूने त्याला घरी पाठवले: प्रभूने तुझ्यासाठी काय केले आणि तुझ्यावर कशी दया केली ते आपल्या लोकांना सांग. त्याने दकापलीस या प्रदेशभर तेच सांगितले. या आज्ञेत साक्षीचा विषय ठरवून दिला आहे, तो म्हणजे प्रभूची दया. भुते किती होती, ती काय ओरडली, ती ज्यांच्यात शिरली ती सुमारे २००० डुकरे कशी बुडाली, हे त्या दयेच्या मागे येते. आपल्याकडे बऱ्याच साक्षींत अर्धा वेळ सैतानाच्या वर्णनात जातो आणि दयेच्या वाट्याला शेवटचे एक वाक्य येते. ते ऐकून मी खरोखर थकलो आहे.

अशा साक्षीत घडले तेवढेच सांगावे. आजार गेला असेल तर आजार गेला म्हणा, आणि तोही डॉक्टरांनी तपासल्यावर. साक्षीच्या भरात औषधे बंद करायला कोणालाही सांगू नका. ख्रिस्तावर विश्वास ठेवला असेल तर ते वेगळे सांगा, कधी आणि कसा ते सांगा. आणि जो अजून बरा झालेला नाही पण आजारातही प्रभूची दया अनुभवतो आहे, त्यालाही उभे राहू द्या. बरा झाल्यावर बोल, असे त्याला सांगू नका.