बाल कल्याण समितीचा आदेश मान्य नसेल तर अपील कसं करायचं? जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पालकांसाठी माहिती

मूल बालगृहात गेलं की घरचे आधी बालगृहाच्या गेटवर धावतात. मग ओळखीच्या पुढाऱ्याकडे, मग पोलीस ठाण्यात. यात महिना सरतो, आणि अपिलाची मुदत नेमकी तेवढीच असते.

बालगृहाच्या अधीक्षकांच्या हातात मूल सोडणं नसतं. तो अधिकार बाल कल्याण समितीचा. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात ही समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, म्हणून तिचा कागद हा कोर्टाच्या आदेशासारखाच धरायचा. तो रद्द करून घ्यायचा रस्ताही कोर्टातूनच जातो.

"समितीवर केस टाकायची आहे" असं म्हणत बरेच जण येतात. राग समजू शकतो. पण सद्‌हेतूने केलेल्या कारवाईला कलम 100 चं संरक्षण आहे. भरपाईचा दावा वर्षानुवर्षं चालतो, आणि त्यातून मूल घरी येत नाही. ते आणायचं तर कलम 101 खाली अपील करा.

मुदत आणि ठिकाण

आदेशाच्या तारखेपासून 30 दिवस. तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नव्हे. अपील बाल न्यायालयात, म्हणजे जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात दाखल होतं. आदेश प्रतिपालकत्वाचा (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) किंवा प्रायोजकत्वाचा (मुलाच्या खर्चासाठी मदत) असेल तर मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडा आणि कारण पुराव्यासह लिहा. ऊसतोडीला गुजरातेत होतो, आदेश वाचून दाखवला नाही, आजारी होतो, जे खरं असेल ते. अपील 30 दिवसांत निकाली काढावं असं कायदा सांगतो.

अपील फक्त आई-वडिलांनीच करायचं असं नाही. आदेशामुळे ज्याच्यावर अन्याय झाला असं वाटतं, ती कोणतीही व्यक्ती करू शकते. सांभाळणारी आजी, मामा, काका, सगळे त्यात येतात.

आधी नक्कल

एक आजी अमळनेरकडून आली होती. नातू भुसावळ स्टेशनवर एकटा सापडला, तिथून बालगृहात गेला. तिच्या पदराच्या गाठीत घडी करून ठेवलेली एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर फक्त पुढची तारीख. आदेश कुठे, विचारलं तर म्हणाली, "मना नातू शे तो, कागद कसाले लागस?" चिठ्ठीवरच्या तारखेला ती गेली तेव्हा आदेश होऊन बावीस दिवस झाले होते. हातात उरले आठ.

म्हणून पहिलं काम नक्कल अर्जाचं. समितीच्या कार्यालयात आदेशाची आणि रोजनाम्याची (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) प्रमाणित प्रत मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नक्कल मिळायला उशीर झाला तर तो शिक्काच तुमचा पुरावा.

नक्कल आली की नीट वाचा, नाहीतर वाचून घ्या. अंतिम आदेशाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर होते का? घरच्यांचं म्हणणं लिहून घेतलंय का? सामाजिक तपासणी अहवालासाठी, म्हणजे घरची परिस्थिती पाहायला, कोणी खरंच गावात आलं होतं का? तो अहवाल 15 दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हायला हवा. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, आणि हिताला बाध येत नसेल तर कुटुंबात परतणं हा मुलाचा हक्क आहे, हे कलम 3 मध्येच आहे. ज्या मुद्द्याचं उत्तर "नाही" आलं, तो अपिलात लिहा.

कागदपत्रं

आदेशाची नक्कल, अर्जदाराचं आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, मुलाचा जन्मदाखला. सातपुड्यातल्या पाड्यांवर घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद कित्येकदा नसते. वयासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी धरला जातो, त्यानंतर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा. नातं दाखवायला अंगणवाडीच्या नोंदीचा उतारा, लसीकरण कार्ड, घरातले फोटो द्या. शाळेत "सुनीता" आणि रेशनकार्डावर "सुनी" असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा.

माझ्या मते सगळ्यात वजनदार कागद वेगळाच आहे, आणि तो कुणी आणत नाही. मूल परत आल्यावर त्याला सांभाळणार कोण, हे सांगणारा कागद. दिवाळीनंतर आई-बाप तोडीला गेले की ते कुणाकडे राहील? आजीचं प्रतिज्ञापत्र द्या, शाळेचं हजेरीचं पत्र द्या, आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात प्रवेश मिळत असेल तर तो जोडा. "आम्ही गरीब आहोत, मूल द्या" यापेक्षा "नोव्हेंबर ते एप्रिल तो आजीकडे, पाचवीत, शाळा घरापासून एक किलोमीटर" हे न्यायाधीशांना पटतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो.

समितीच्या वागणुकीबद्दलची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे, कलम 27 खाली. बाल न्यायालयाचा निकाल पटला नाही तर उच्च न्यायालय. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ.

मूल दत्तक देण्याची हालचाल असेल तर एक दिवसही दवडू नका. मूल सोडून देत असल्याचं पालकांनी लिहून दिलेलं समर्पण 60 दिवसांत मागे घेता येतं. सापडलेल्या बाळाचे पालक मिळाले नाहीत तर, दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मुक्त ठरवलं जातं. नवरा-बायकोतला ताब्याचा वाद मात्र समितीकडे नेऊ नका, तो पालक व पाल्य अधिनियम 1890 खाली न्यायालयात जातो.

आणि कृपा करून "आमचं मूल अडकलंय" म्हणत त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. कलम 74 प्रमाणे प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

अपील चालू असताना भेटीची परवानगी लेखी मागा. मुलाचं म्हणणं नोंदवताना दुभाष्या हवा असेल तर तेही अर्जात लिहा. पावरी किंवा अहिराणी बोलणारं लेकरू मराठीत विचारलं की नुसती मान हलवतं, आणि कागदावर लिहिलं जातं, "घरी जायची इच्छा नाही."