सावकारी कर्ज, खरेदीखत आणि कर्जदाराचं कायदेशीर संरक्षण (महाराष्ट्र)

कर्जातली फसवणूक म्हटलं की हल्ली आधी लोन ॲप आठवतं, पण महाराष्ट्रात त्याहून खूप जुनी फसवणूक कागदावरची आहे, म्हणजे पैसे व्याजाने घेतलेले असतात आणि कागद मात्र विक्रीचा झालेला असतो. विनापरवाना सावकार शेकडा तीन, पाच, कधी दहा रुपये महिना व्याज लावतो (म्हणजे वर्षाला ३६, ६०, १२० टक्के) आणि तारण म्हणून गहाणखत करायचं सोडून सरळ सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात खरेदीखत करून घेतो, आणि तोंडी सांगतो की पैसे फेडलेस की जमीन परत तुझ्या नावावर. काही भागात याला मुदत खरेदी म्हणतात, काही ठिकाणी नुसतं नावाला खरेदी. मग फेरफार पडतो, सातबाऱ्यावर सावकाराचं किंवा त्याच्या बायकोचं, भावाचं नाव लागतं, शेतकरी तीच जमीन कसत राहतो आणि व्याज भरत राहतो, आणि एखाद दिवशी बाजूने हायवे जातो, जमिनीचा भाव चढतो आणि सावकार म्हणतो की ही तर मी रोख पैसे मोजून विकत घेतलीय, उठा.

गहाणखत का करत नाहीत तर त्याला कायदेशीर कारण आहे. गहाण असेल तर पैसे भरून जमीन सोडवायचा हक्क कर्जदाराकडे राहतो, तो करारात लिहूनसुद्धा काढून घेता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५८ मध्ये शर्तीची विक्री हा पण गहाणाचाच प्रकार धरलाय, पण १९२९ च्या दुरुस्तीपासून एक अट आहे की परत देण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली पाहिजे. त्यामुळे माहीतगार सावकार खरेदीखत एका कागदावर करतो आणि परत देण्याचा करार वेगळ्या स्टँप पेपरवर, किंवा करतच नाही.

या भांडणाला महाराष्ट्रात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाला मोठा भाव आला, शेतकऱ्यांना उधारी सहज मिळाली, १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि लोण पुणे-अहमदनगर भागात पसरलं. यात बघण्यासारखी गोष्ट ही की बहुतेक ठिकाणी लोकांना पाहिजे होते ते कर्जरोखे, म्हणजे सावकाराने लिहून घेतलेले कर्जाचे कागद, ते मिळाले की जाळले. कुठल्या वस्तूने आपल्याला बांधलंय हे त्या लोकांना बरोबर कळलं होतं. सरकारने चौकशी कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला, ज्यात कोर्टाला रोख्यावर काय लिहिलंय तेवढ्यावर न थांबता व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा हिशोब उकरून काढायचा अधिकार दिला आणि शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद केलं. कागदाच्या मागे जाऊन बघायचा हा अधिकारच माझ्या मते आजपर्यंतच्या सगळ्या कर्जदार संरक्षणाचा गाभा आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

आत्ता लागू आहे तो महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. तो १६ जानेवारी २०१४ पासून अंमलात आहे आणि त्याने १९४६ चा मुंबई सावकारी कायदा बाजूला सारला. अंमलबजावणी पोलिसांकडे नाही तर सहकार खात्याकडे आहे, तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक (लोक डीडीआर म्हणतात), वर विभागीय सहनिबंधक. परवान्याशिवाय सावकारी केली तर कलम ३९ खाली ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना असला तरी व्याज मनाला येईल ते लावता येत नाही. सरकारने २०१४ मध्येच दर ठरवून दिलेत, शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२, बाकीच्यांना १५ आणि १८. चक्रवाढ व्याज चालत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, जुना दामदुपटीचा नियम तोच. एक लाखाच्या कर्जावर शेकडा पाचवाला सावकार ही मर्यादा वीस महिन्यांत गाठतो आणि त्यानंतरही मुद्दल जसंच्या तसं उभं असतं, एवढ्यावरून बेकायदा दर काय करतो ते कळेल.

या कायद्यातलं सगळ्यात कामाचं कलम १८. सावकारीतून बळकावलेली जमीन, घर, प्लॉट परत मिळवायचा अर्ज थेट डीडीआरकडे करता येतो, त्यासाठी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं दावा लढत बसायची गरज नाही. डीडीआर दोन्ही बाजूंना नोटीस काढतो, चौकशी करतो, आणि व्यवहार सावकारीचाच होता असं पटलं तर रजिस्टर झालेलं खरेदीखत अवैध ठरवून ताबा परत द्यायचा हुकूम काढू शकतो. त्यावर विभागीय सहनिबंधकांकडे अपील होतं आणि मग बहुतेक प्रकरणं हायकोर्टात रिट याचिकेत जातात. किती जुन्या व्यवहाराला हे कलम लागतं याला मुदत आहे, त्यामुळे "बघू पुढच्या हंगामात" म्हणत बसणं फार महागात पडतं. तक्रार आली की सहकार खात्याचे लोक पोलीस बंदोबस्तात धाड टाकून कोरे चेक, सह्या केलेले स्टँप पेपर, दुसऱ्यांच्या नावाची खरेदीखतं ताब्यात घेऊ शकतात, आणि त्या एका धाडीतून कधी कधी गावातल्या बाकीच्या कर्जदारांना पण पुरावा मिळतो.

अडतं ते पुराव्यावर. रोखीत दिलेल्या व्याजाची पावती कोण देतो. मग बघितलं जातं ते हे की खरेदीखतातली किंमत त्यावेळच्या बाजारभावाच्या मानाने किती कमी आहे, विक्रीनंतरही ताबा आणि पेरणी कोणाची, वीजबिल कोण भरतं, त्याच सावकाराच्या नावावर अशीच अजून किती खरेदीखतं आहेत. रजिस्टर दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही असं सावकाराचे वकील हमखास म्हणतात, पण सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्येच गंगाबाई विरुद्ध छबूबाई या निकालात सांगितलंय की तो दस्त विक्री म्हणून अंमलात आणायचा दोघांचा मुळात इरादाच नव्हता, खरा व्यवहार कर्जाचा होता, हे दाखवायला तोंडी पुरावा देता येतो. हा निकाल फार कमी शेतकऱ्यांना माहीत असतो याचं वाईट वाटतं.

कायद्याच्या हद्दी पण माहीत पाहिजेत. अडीअडचणीला मित्राला, पाहुण्याला एकदा दिलेले हातउसने पैसे म्हणजे सावकारी नाही, धंदा म्हणून देणं-घेणं दिसलं पाहिजे. बँका आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्या यात येत नाहीत, कंपन्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये केरळच्या प्रकरणात ते स्पष्ट केलंय. आणि कोऱ्या चेकवर सही करून देणं तर सगळ्यात घातक, कारण सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या बीर सिंग निकालानुसार रक्कम दुसऱ्याने भरली असली तरी सही तुमची असेल तर तो चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं आधी धरलं जातं आणि तसं नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं सावकारी कर्ज सरकारने माफ करायचं ठरवलं तेव्हा, २०१५ च्या आसपास, ते फक्त परवानाधारक सावकारांचं होतं. विनापरवाना सावकाराकडे अडकलेला, म्हणजे ज्याला जास्त गरज होती तो, कागदावर कुठेच नसल्यामुळे बाहेर राहिला.

लोन ॲपमध्ये जमिनीच्या जागी फोनमधले नंबर आणि फोटो तारण असतात. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात सांगितलं की तपासलेल्या सुमारे ११०० ॲपपैकी ६०० बेकायदा होती. त्यानंतर सप्टेंबर २०२२ चे नियम आले (मे २०२५ मध्ये ते डिजिटल कर्ज निर्देशांत घेतले गेले), पैसे थेट कर्जदाराच्या बँक खात्यात आले पाहिजेत, सगळे चार्ज धरून वार्षिक दर आधी लेखी दाखवला पाहिजे, कॉन्टॅक्ट लिस्ट आणि गॅलरीला हात लावायचा नाही, आणि सुरुवातीच्या ठराविक दिवसांत कर्ज परत करून बाहेर पडायची सोय पाहिजे. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. नातेवाइकांना मॉर्फ केलेले फोटो पाठवणं ही वसुली नाहीच, तो भारतीय न्याय संहितेतला खंडणी आणि धमकीचा गुन्हा आहे आणि कर्ज खरंच थकलेलं असलं तरी तो गुन्हाच राहतो.

तिसरा प्रकार म्हणजे आपल्या पॅन-आधारवर दुसऱ्यानेच कर्ज उचलणं. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट (आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद) फुकट मिळतो, त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं तर कर्ज देणाऱ्या संस्थेला आणि ही नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीला लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ऑनलाइन फसवणुकीला १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे, बँक किंवा फायनान्स कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार होते, आणि गावच्या सावकाराविरुद्धचा अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा डीडीआरकडे साध्या कागदावर लिहून देता येतो, सोबत खरेदीखताची नक्कल आणि व्यवहाराच्या आधीचे व नंतरचे सातबारे, फेरफार जोडायचे आणि पोच घ्यायची.