पगार २१,००० च्या वर गेला, तरी ईएसआयची कपात मध्येच थांबवू नका

नाशिक भागातल्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या आमच्या कारखानदार ग्राहकांसाठी

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा; महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना तो लागू होतो. पगारवाढ झाली की आमच्याकडे ठरलेला फोन येतो : "ऑपरेटर एकवीस हजारांच्या वर गेला, या महिन्यापासून त्याचं नाव काढा." आम्ही नाही म्हणतो. फी चालू राहावी म्हणून अडवतात, असा काहींचा समज आहे. फी माणशी नाही, हे बिलावरच दिसतं.

ईएसआयच्या वर्गणीचे दोन हंगाम : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मर्यादा मध्येच ओलांडली तरी हंगाम संपेपर्यंत वर्गणी भरावीच लागते, तीही पूर्ण पगारावर. जुलैत पगार २०,४०० चा २२,००० झाला, तर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १६५ आणि तुमचे ३.२५ टक्के म्हणजे ७१५ रुपये सप्टेंबरपर्यंत दरमहा जाणार. ऑक्टोबरपासून बंद.

घोळ होतो तो असा. ईएसआयच्या पोर्टलवर 'मर्यादेबाहेर' हा पर्याय एप्रिल आणि ऑक्टोबरच्याच वर्गणीच्या चलनात चालतो. जुलैत तो घेत नाही, म्हणून क्लार्क 'नोकरी सोडली' टाकून मोकळा होतो. माणूस मात्र सीएनसी मशीनवर उभाच! पुढे तपासणीत हजेरीपत्रक आणि चलन जुळत नाही, थकबाकी निघते, वर १२ टक्के व्याज. कामगाराचा न कापलेला हिस्साही मागाहून त्याच्या पगारातून घेता येत नाही, तो तुमच्याच खिशातून जातो. असे जुने महिने निस्तरायला आमचाही फार वेळ मोडतो, आणि त्या कामाची फी मात्र वेगळी लागते.

कामगारालाही एक गोष्ट जरूर सांगा. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. म्हणजे ऑक्टोबरात कपात थांबली, तरी त्याचं आणि घरच्यांचं कार्ड लगेच निकामी होत नाही. हे माहीत नसल्यामुळे बाळंतपणाला खासगीत कर्ज काढणारे लोक आहेत.

पगारवाढीची यादी पत्रं वाटण्याआधी आम्हाला पाठवा. कोणाची कपात कधीपर्यंत, हे नावानिशी लिहून देऊ. नियमित ग्राहकांना याचे वेगळे पैसे नाहीत. हजेरीपत्रक ५ तारखेपर्यंत हवं, कारण चलनाची मुदत १५ आहे. चौदाच्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत १ आणि ९ सारखेच दिसतात.