परदेशी स्वयंसेवक वकील कायदे ‘लिहून देतात’ का?

विकसनशील देशांचे कायदे परदेशी स्वयंसेवक वकील लिहून देतात, हा समज जुना आहे आणि चुकीचा. मसुद्याची जबाबदारी तिथल्या मंत्रालयाची, मंजुरी संसदेची. तज्ज्ञ सहसा कलमवार अभिप्राय देतात. अमेरिकन बार असोसिएशनने १९९० मध्ये मध्य व पूर्व युरोपसाठी सुरू केलेल्या उपक्रमातही हेच काम होत असे.

खरी मेहनत असते ती पडताळणीची. नव्या व्याख्या जुन्या कायद्यांशी जुळतात का? निरसनाचे, म्हणजे जुना कायदा रद्द करणारे, कलम आहे का? नियम तयार होण्याआधीच कायदा लागू होतोय का? घोळ इथेच होतात. इंग्रजी परंपरेतला ‘ट्रस्ट’ (एकाने दुसऱ्याच्या हितासाठी मालमत्ता सांभाळण्याची व्यवस्था) फ्रेंच वळणाच्या दिवाणी संहितेत जसाच्या तसा उचलून टाकला, तर मालकी नेमकी कोणाची यावरच खटले अडतात. स्थानिक मसुदाकार सोबत नसेल, तर आमच्या मते असे काम स्वीकारूच नये.