आधुनिक आंतरराष्ट्रीय व्यवस्था

ठरलेल्या सीमांच्या आत सर्वाधिकार असलेली राज्ये आणि त्यांना तह, वकिलाती व कायदा यांनी जोडणारे संबंध, म्हणजे आधुनिक आंतरराष्ट्रीय व्यवस्था. तिचा आरंभ १६४८ च्या वेस्टफालिया तहांपासून धरण्याची प्रथा आहे. तीस वर्षांच्या युद्धात जर्मन मुलूख उजाड झाल्यावर पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाने फ्रान्सशी म्युन्स्टरला, तर स्वीडनशी ओस्नाब्रुकला तह केला. जर्मन संस्थानिकांना परक्या राज्यांशी करार करण्याची मुभा मिळाली, मात्र सम्राटाविरुद्ध न जाण्याच्या अटीवर. सार्वभौम राज्यांच्या समानतेचा सिद्धांत त्या कलमांत शोधूनही सापडत नाही. तो अर्थ पुढच्या पिढ्यांनी लावला.

ही व्यवस्था युरोपात घडली आणि मग जगभर पसरली, असे सरसकट लिहिले जाते. पुण्याच्या दरबाराकडे पाहिले की हे म्हणणे अपुरे ठरते. पेशव्यांच्या वतीने दिल्लीत हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे अशी माणसे वर्षानुवर्षे वकिली करत आणि तिथली खडान्‌खडा बातमी पुण्याला कळवत. १७७७ साली सेंट लुबिन हा फ्रेंच पुण्यात येऊन नाना फडणविसांशी बोलणी करू लागला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. मराठे व इंग्रज यांच्यातल्या १७८२ च्या सालबाईच्या तहाला महादजी शिंदे दोन्ही बाजूंचे जामीन राहिले. १७८६ पासून चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कायमचा वकील, म्हणून पुण्यात होता. रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावर उभी राहिली.

परराज्यांशी बोलणी करण्याचा पेशव्यांचा हा अधिकार गेला तोही तहाच्याच कलमांनी. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला त्याने तैनाती फौज पत्करली. तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. इतर राज्यांशी बोलणी करायची तर आधी कंपनीला विचारणे आले. जून १८१७ च्या पुणे तहाने परदरबारी वकील ठेवणेही बंद झाले. व्हिएन्नाच्या परिषदेने राजदूतांच्या दर्जाचे व मानपानाचे नियम घालून दिले, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. युरोपात जो हक्क नियमाने पक्का होत होता, तोच इथे हिरावला जात होता. या व्यवस्थेची ही दुसरी बाजू पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत उरकतात, ते योग्य नाही. त्याच १८१७ च्या ५ नोव्हेंबरला पेशवे व इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली आणि संगमावरची रेसिडेन्सी पेटवली गेली. १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

१९२० मध्ये हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद झाला खरा, पण त्याचे परराष्ट्र धोरण लंडनच्याच हाती होते. संयुक्त राष्ट्रांचे १९४५ मध्ये ५१ सभासद होते. १९६० या एकाच वर्षी १७ नव्या राज्यांची भर पडली, त्यांतली १६ आफ्रिकेतली. आज ही संख्या १९३ आहे.

पेशव्यांच्या राज्यकारभाराची मोडी कागदपत्रे पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही रुमालांत बांधलेली आहेत.