वीस अंशांची फिल्म आणि सांगलीचा मे

कृष्णधवल रोल घरी धुवायचा म्हटला की कुठलेही पत्रक एकच आकडा पुढे करते: २० अंश सेल्सियस. ही पत्रके जिथे लिहिली गेली तिथे खोलीतच एवढे तापमान असते. सांगलीत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हात भाजते. मग २०च का, आणि ते जमले नाही तर नेमके बिघडते काय?

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात. शटर उघडले की प्रकाश स्फटिकातला इलेक्ट्रॉन मोकळा करतो. तो चांदीच्या आयनाला मिळाला की आयनाचा अणू होतो. अशा जेमतेम चार अणूंचा पुंजका एका जागी जमला, की त्या स्फटिकाची निवड झाली. गर्नी आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ साली हे कोडे उलगडले. हा पुंजका डोळ्यांना दिसत नाही. फोटो काढलेली आणि कोरी फिल्म शेजारी ठेवली तरी फरक कळणार नाही.

पुढचे काम डेव्हलपरचे, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या द्रावणाचे. तो स्फटिकाला इलेक्ट्रॉन पुरवतो. पुंजका असेल तिथे ते झपाट्याने आत शिरतात आणि अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी होते. चार अणूंच्या खुणेवरून अब्जावधी अणू! पण खरी मेख पुढे आहे. पुंजका नसलेल्या स्फटिकालाही डेव्हलपर सोडत नाही, तिथे तो फक्त सावकाश काम करतो. भरपूर वेळ दिला तर कोरी फिल्मसुद्धा काळी पडेल. म्हणजे फोटो उमटतो तो या दोन वेगांमधल्या फरकामुळे, आणि योग्य वेळी थांबणे ही त्यातली निम्मी कारागिरी.

कोडॅकचा डी-७६ हा १९२० च्या दशकातला डेव्हलपर आजही चालतो. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम टाकणखार. एवढाच मसाला. यातले मेटॉल आणि हायड्रोक्विनोन इलेक्ट्रॉन पुरवतात. सल्फाइट डेव्हलपरला हवेपासून जपते आणि स्फटिकांच्या कडा किंचित विरघळवून दाणा बारीक ठेवते. इलफर्ड कंपनीची एचपी५ प्लस ही फिल्म यात २० अंशांना साडेसात मिनिटांत तयार होते. दर अंशामागे वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटतो, म्हणजे ३० अंशांना हाती तीनेक मिनिटे उरतात. फिल्म धुण्याच्या छोट्या बंद टाकीत डेव्हलपर ओतायला आणि उपसायलाच त्यातली बरीच सेकंदे जातात, त्यामुळे फिल्म एकीकडे गडद, एकीकडे फिकी होते. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नये म्हणतात ते यासाठी. उलट थंडीत वेगळाच घोळ. १२-१३ अंशांच्या खाली हायड्रोक्विनोन जवळजवळ काम थांबवते आणि सगळा भार मेटॉलवर पडतो. महाबळेश्वरात जानेवारीच्या पहाटे रोल धुणाऱ्याने पाणी कोमट करून घ्यावे.

सांगलीत मात्र माठ कामाला येतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, आणि आतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरेच अंश खाली राहते. ते घमेल्यात ओतायचे आणि डेव्हलपर, हायपो (उरलेले चांदीचे क्षार विरघळवणारे द्रावण), धुण्याचे पाणी या सगळ्यांच्या बाटल्या त्यात उभ्या करायच्या. मृग लागून हवा दमट झाली की माठ ढिम्म. मग बर्फ, पण तो घमेल्यात टाकायचा, डेव्हलपरमध्ये नाही. एवढे करून पारा २४ वर अडला तरी बिघडत नाही, वेळ तेवढा कमी करायचा. किंवा डेव्हलपरमध्ये तितकेच पाणी मिसळून वेळ लांबवायचा, हे मला जास्त पटते. सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला हव्यात, हे मात्र पक्के. गरम-गारचा मोठा झटका बसला तर फुगलेले जिलेटिन सुरकुतते आणि फोटोभर बारीक जाळी उमटते. पूर्वीच्या फिल्मचा थर तर उन्हाळ्यात कडेने सुटून यायचा. त्यावर हायपोत तुरटी घालत. तुरटीतले ॲल्युमिनियम जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधते आणि थर टणक होतो.

सिनेमातल्या डार्करूममधला लाल दिवा इथे चालत नाही. तो कागदावर कॉपी काढताना. आजची बहुतेक फिल्म लाल रंगही पाहते, म्हणून ती टाकीतल्या रिळावर गुंडाळताना मिट्ट काळोखच लागतो. टाकीचे झाकण बसले की मग खुशाल उजेडात काम करा.

डेव्हलपर ओतून दिल्यावर सौम्य ॲसिटिक ॲसिडने त्याला थांबवायचे आणि मग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते चांदीचे क्षार विरघळवते हे जॉन हर्शेलने १८१९ मध्येच दाखवले होते. फिल्मचा कापलेला टोकाचा तुकडा हायपोत टाकून पाहा: दुधाळ थर हळूहळू निवळतो आणि पारदर्शक पट्टी उरते. त्याला लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा. धुवायला नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकी भरून पाच वेळा उलटीपालटी करा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. इलफर्डने सुचवलेली ही पद्धत जतसारख्या दुष्काळी तालुक्यातही परवडेल. शेवटचे पाणी बोअरचे नको, त्यातल्या क्षारांचे डाग निगेटिव्हवर वाळतात.

वापरलेले हायपो गटारात ओतू नये, कारण न वापरलेली सगळी चांदी त्यात गेलेली असते. त्यात पोलादी तारांचा चोथा बुडवून ठेवला की लोखंड आपले इलेक्ट्रॉन चांदीला देते आणि तळाशी काळा गाळ साचतो. तो गाळ म्हणजे चांदीच. विटा-आटपाडीचे गलाईवाले देशभर सोने-चांदी गाळतात. असा गाळ त्यांच्या हाती दिला तर त्याचे काय करायचे हे त्यांना सांगावे लागणार नाही. एका रोलमध्ये चांदी ग्रॅमभरही नसते, तेव्हा हायपो कॅनमध्ये साठवत राहावे लागते.