संघनायक म्हणजे वर्गाचा मॉनिटर नव्हे

कोल्हापुरात पालकांकडून वर्षानुवर्षं एकच ऐकतो: स्काउटचा संघनायक म्हणजे सरांच्या वतीनं ओरडणारा मॉनिटर. हे खरं नाही. संघ म्हणजे स्काउट मुलांचा छोटा गट, आणि संघनायक त्यांच्यातलाच एक मुलगा. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांचे ४ संघ केले आणि प्रत्येकाची धुरा मुलाकडेच दिली. पन्हाळ्याच्या वाटेवर पाणी कुणाचं संपलं, पाय कुणाचा मुरगळला, गाठ कुणाला अजून जमत नाही, हे आधी संघनायकाला दिसायला हवं. नवख्याला शेजारी बसवून शिकवायचं, भांडी घासायची पाळी स्वतःलाही लावायची, संघाचं म्हणणं पथकाच्या, म्हणजे सगळ्या संघांच्या मिळून होणाऱ्या, बैठकीत मांडायचं. शिक्षा करणं त्याचं काम नाही. मुलांच्या सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी मात्र पथक सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाची, स्काउटमास्तरांचीच. ती १४ वर्षांच्या पोरावर ढकलू नये.